बसच्या कपाळावरचा आकडा

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईचा पाहुणा पणजीला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, बसस्थानकावर उतरला की हमखास विचारतो, "मडगावला कितव्या नंबरची बस?" आपल्याकडे बहुतेक गाड्या गावाच्या नावावरच चालतात. पुढे पाटी, दारात कंडक्टर, आणि उरलेली सगळी माहिती त्याच्या गळ्यातून.

पाहुण्याचं मात्र चुकत नाही. मुंबईत १९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, आणि आज तिथला माणूस आकड्यावरूनच दिशा ओळखतो. साधारणपणे दोनशेच्या घरातली बस पश्चिम उपनगरांतली, तीनशेच्या घरातली पूर्व उपनगरांतली, चारशेची या दोहोंना आडवी जोडणारी आणि पाचशेची नवी मुंबईकडे जाणारी. आकड्याआधी 'ए' दिसला की वातानुकूलित गाडी. अपवाद आहेतच. जुना मार्ग लांबला, वळला, तरी लोकांच्या तोंडात बसलेला नंबर सहसा कुणी बदलत नाही, आणि ते बरंच आहे. दिल्लीच्या मुद्रिका बसला तर सुरुवात नाही की शेवट नाही, ती गोल फिरते. म्हणून तिथे अधिक-उणे चिन्हं लावून फिरण्याची दिशा सांगतात.

सगळ्यात हिशेबी पद्धत दक्षिण कोरियातल्या सोलची. २००४ साली त्यांनी शहराचे शून्य ते सात असे विभाग पाडले. मुख्य रस्त्यांवरच्या निळ्या बसचा पहिला आकडा निघण्याचा विभाग, दुसरा पोचण्याचा, तिसरा अनुक्रमांक. १४३ म्हणजे एक नंबरच्या विभागातून चारमध्ये जाणारी बस. नवख्यालाही नकाशा न उघडता अंदाज येतो.

हे गोव्यात करून पाहिलं तर? तिसवाडी शून्य, बारदेश एक, फोंडा दोन, मुरगाव तीन, सासष्टी चार धरू. पुढे लगेच अडतं, कारण तालुके बारा आणि एकेरी आकडे दहाच. म्हणजे सांगे, केपे, काणकोण एकत्र बांधावे लागतील, आणि काणकोणकरांना ते मुळीच आवडणार नाही! तरी पणजी–मडगाव ०४१ होईल.

पण कोणती पणजी–मडगाव? आगशी-कुठ्ठाळीवरून झुआरी नदी ओलांडणारी, की फोंड्याहून बोरीच्या पुलावरून जाणारी? आपल्याकडे दोन टोकांइतकाच मधला 'व्हाया' महत्त्वाचा. फोंड्याच्या वाटेवरच्या मर्दोळच्या प्रवाशाला आगशीमार्गे मडगावला जाणारी गाडी काय कामाची? म्हणून माझ्या मते तिसरा आकडा अनुक्रमांक न ठेवता 'व्हाया'ला द्यावा: आगशीमार्गे ०४१, फोंड्यामार्गे ०४२. पाटी रोमन लिपीत असो की देवनागरीत, आकडा लांबूनही वाचता येतो, आणि संध्याकाळच्या पावसात तेवढंच तर दिसतं.

कदंबच्या शटलना याची गरज नाही. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, गाडी मध्ये कुठे थांबत नाही. आकडे हवेत ते गावागावांतून वळणं घेत जाणाऱ्या गाड्यांना. सुरुवात फोंड्याच्या स्टँडवरून करावी. एकाच गावाला वेगवेगळ्या वाटांनी जाणाऱ्या गाड्या तिथे लागतात, आणि कंडक्टरांचे आवाज एकमेकांत मिसळले की नेहमीचा प्रवासीसुद्धा दोनदा विचारूनच पायरी चढतो.