रजा, वही आणि ओटीपी

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय बाळंतपणाच्या रजेचा. पण बाळाचा नाही, आणि बाळंतिणीच्या लाडवांचाही नाही. ऑफिसातलं आपलं काम मागं कुणाच्या हाती सोपवायचं, कसं सोपवायचं, याचा.

आधी आकडे एकदा कानावरून जाऊ देत. २०१७ साली कायदा बदलला आणि १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. घरात आधीच दोन मुलं असतील, तर पुढच्या खेपेला १२. या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधी घेता येतात. अट एवढीच की मागच्या वर्षभरात तिथं किमान ८० दिवस काम झालेलं हवं. आणि बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तिला कामाला लावायचंच नाही, असं कायदा मालकाला बजावतो. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणायच्या. फार लांब नव्हत्या त्या.

आता ऐका. माझी एक मैत्रीण भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते. तिनं रजेवर जाताना एक वही केली होती. काय वही होती! ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा. ११ ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न. १५ ला पीएफ. २० ला थ्री-बी, म्हणजे महिन्याच्या कराचं जीएसटी रिटर्न. चाकणच्या गिऱ्हाइकाकडं पैसे मागायचे ते मंगळवारी, सोमवारी तो फोन उचलत नाही. टेम्पोवाल्याची बिलं कापडी पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाची किल्ली गणपतीच्या फोटोमागं. नुकताच बी.कॉम. झालेला एक मुलगा हाताखाली घेऊन तिनं जीएसटीची दोन्ही रिटर्नं त्याच्याकडून एकदा भरूनही घेतली.

डॉक्टरांनी दिलेली तारीख महिनाअखेरची होती. ही १८ लाच ॲडमिट झाली, १९ ला मुलगी झाली. २० तारखेला दुपारी तो मुलगा थ्री-बी भरायला बसला. सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं, आणि ओटीपी गेला हिच्या मोबाइलवर! कारण मालकांनी जीएसटीला नंबर हिचा दिलेला. स्वतःचा का नाही? तर म्हणे, सारखे मेसेज येतात.

हिला डोळा लागलेला. फोन आईच्या हातात. मालकांनी फोन केला, "आई, एक सहा आकडी नंबर आला असेल, तेवढा वाचून दाखवता?"

आई म्हणाली, "ओटीपी ना? तो कुणाला सांगायचा नसतो."

"अहो, मी तिचा मालक बोलतोय."

"असं सगळेच म्हणतात." आणि फोन ठेवून दिला.

पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आईनं दम भरला, सायबरवाल्यांकडं तक्रार करीन म्हणून. शेवटी मालक स्वतः निघाले. भोसरीहून नारायण पेठेत, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये! (मेट्रोनं यायचं सोडून गाडी काढणाऱ्यांबद्दल मी एकदा स्वतंत्र अर्धा तास बोलणार आहे.) हातात पेढ्यांचा पुडा. आईनं आधी लेकीला उठवून विचारलं, "हेच का गं ते?" ती हो म्हणाली, तेव्हा कुठं फोन मिळाला. तोवर तो ओटीपी बाद झालेला. नवीन मागवावा, तर शेवटच्या तारखेच्या गर्दीनं साईट हलेना. रिटर्न भरलं गेलं २१ च्या सकाळी. उशिराचा दंड दिवसाला ५० रुपये. ते ५० रुपये मालक अजून बोलून दाखवतात. पेढ्यांचा खर्च काढत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

पण त्या आईचं काय चुकलं, सांगा! काहीच नाही. वही लिहिणारीचंही फारसं नाही. वहीत काम होतं, नंबर नव्हता. म्हणून सांगते: काय काम करता ते लिहाच, पण त्याआधी तुमच्या नावावर काय काय अडकलंय ते लिहा. मोबाइल नंबर, ईमेल, सही, पासवर्ड, किल्ली. आणि हे बदलून घ्यायचं ते सातव्या महिन्यात. नवव्यात नाही, सातव्यात.

हल्ली ऑफिसात डोहाळजेवणं करतात. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, फोटो. करा बापडे. पण त्याच ऑफिसात परत आलेल्या आईला दूध काढायला कडी लागणारी एक खोली नसते. मला विचाराल तर फुलं थोडी कमी आणा आणि ती कडी लावून घ्या.

वेळ होत आली, पैशाचं भराभर सांगते. रजेची सूचना लेखी द्या, पोच घ्या. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ मिळतात, उरलेले बाळ झाल्याचा कागद दिल्यापासून ४८ तासांत. परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन जादा सुट्ट्या. आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. ती सोय कुठं आहे, हे रजेवर जायच्या आधीच एचआरला विचारून ठेवा, आणि उत्तर ईमेलवर मागा. नमस्कार.