दार नीट लावलंय का?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पहिला डीएसएलआर घ्यावा की दणकट कॉम्पॅक्ट’. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा; दणकट कॉम्पॅक्ट म्हणजे पाण्यातही नेता येणारा छोटा कॅमेरा. त्या विषयावर मी येणार आहे, शब्द देतो. पण त्याआधी दणकट कॉम्पॅक्टच्या बॅटरीच्या दारातल्या एका रबरी पट्टीबद्दल बोलायचंय. ती पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते, आणि कॅमेरा निवडण्याच्या सगळ्या चर्चांमध्ये मेगापिक्सेलवर तासभर घालवणारे लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आधी ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचं बघू. खोक्यावर आयपीएक्स८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे वस्तू पाणी कितपत रोखते याचा ठरलेला दर्जा. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, हे ठरलेलं आहे. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनं स्वतः जाहीर करायचं. ऑलिंपसचा टीजी-६ म्हणतो १५ मीटर. निकॉनचा डब्ल्यू३००, २०१७ चा, म्हणाला ३० मीटर. मग २०१८ साली पॅनासॉनिकचा एफटी७ आला, तो म्हणाला ३१ मीटर. एकतीसच का? तर तिसाच्या पुढे एकतीस येतात म्हणून! (हशा)

हे आकडे खोटे नाहीत. फक्त ते कशाचे आहेत ते समजून घ्या. कॅमेरा कोरा करकरीत, रबर नवं, पाणी गोडं आणि स्थिर, दाब हळूहळू वाढवलेला. तुम्ही कॅमेरा मुठीत धरून काठावरून उडी मारता तेव्हा पाण्याचा जो तडाखा बसतो, त्याचा या परीक्षेशी संबंध नाही. वाहत्या नळाच्या जोरदार धारेखाली धरता, तेव्हाही नाही. म्हणून तर माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात ‘कॅमेऱ्यासह पाण्यात उडी मारू नये’ असं लिहिलेलं असतं, आणि खोक्यावरच्या चित्रात कोणीतरी नेमकी तीच उडी मारत असतं.

आता पाणी शिरतं कुठून? लेन्ससमोरची काच घट्ट बसवलेली असते, बटणांखाली आपापली सीलं असतात, तिथून क्वचितच. पाणी मुरतं ते बॅटरीच्या दारापाशी, किंवा केबलचं दार वेगळं असेल तर तिथे. कारण संपूर्ण कॅमेऱ्यात तुम्ही स्वतःच्या हातानं उघडता-लावता ती जागा म्हणजे दारच. दाराच्या आतल्या कडेनं रबराची पट्टी असते, समोर अंगावर एक गुळगुळीत काठ असतो, आणि दार दाबून बसलं की पट्टी त्या काठावर चेपते. कुकरची शिटी होत नसेल तर आपण आधी रिंग बघतो की नाही? तेच तत्त्व. फक्त कुकरची रिंग आपण दर वेळी धुतो आणि कॅमेऱ्याची जन्मात बघत नाही.

त्या पट्टीवर एक केस आडवा पडलाय असं समजा. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. पट्टी त्याच्यावर चेपते, पण केसाच्या दोन्ही बाजूंना बारीकशी पोकळी राहते. पाण्याला तेवढी वाट पुरे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. केस नसला तर वाळूचा कण, नाहीतर टॉवेलचा धागा. आणि दार पुसायला आपण नेमका टॉवेलच घेतो.

आता एक गंमत सांगतो, आकडेमोड सोबत करा. दार समजा दोन बाय तीन सेंटीमीटरचं, म्हणजे सहा चौरस सेंटीमीटर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलोनं वाढतो. पंधरा मीटरवर त्या दारावर बाहेरून नऊ किलोचा भार येतो. दार बाहेर उघडणारं, म्हणजे हा भार ते आणखी घट्ट लावतो. आणि अर्धा मीटर खोलीवर भार किती? जेमतेम तीनशे ग्रॅम. तिथे पट्टीला मदत करायला कोणी नाही, कडीच्या जोरावर चाललंय सगळं. त्यामुळे पट्टीवर कचरा असेल तर कॅमेरा गुडघाभर पाण्यातसुद्धा भरतो. ‘आम्ही खोल गेलोच नव्हतो हो’ असं म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो.

मग करायचं काय? हे लिहून घेतलंत तरी चालेल. हात धुऊन कोरडे करा. दार उघडा, उजेडाकडे तिरपं धरा, म्हणजे पट्टीवरचा केस चमकतो. आधी ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्यानं, फुंका. तोंडानं नको, तोंडातून थुंकी उडते. मग चष्मा पुसायच्या मायक्रोफायबर कापडाचं टोक बोटावर ताणून पट्टीवरून एकदा फिरवा. समोरचा काठसुद्धा पुसा, तो सगळे विसरतात. पट्टीवर चीर, चपटेपणा किंवा चिकटपणा दिसला तर त्या दिवशी कॅमेरा पाण्यात नाही. मग दार लावा, कडी सरकवा, दुसरा खटका असेल तर तोही. खटक्याखालचा रंगीत ठिपका दिसत असेल तर दार पुरतं लागलेलं नाही. शेवटी बादलीभर पाण्यात, दार वरच्या बाजूला ठेवून, बुडवून धरा. बुडबुड्यांची सलग माळ निघाली तर लगेच बाहेर काढा.

ग्रीसचा प्रश्न दर वेळी येतो. पाणबुडे कॅमेऱ्यावर जी वेगळी जलरोधक पेटी, म्हणजे हाउसिंग, चढवतात तिला गोल ओ-रिंग असते, तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लागतो. कॉम्पॅक्टच्या दाराची पट्टी वेगळ्या प्रकारची असते, पुस्तिकेत सांगितलं नसेल तर तिला काहीही लावायचं नाही. ग्रीसवर धूळ चिकटते, म्हणजे आपणच पैसे देऊन कचरा गोळा केल्यासारखं. आणि ही पट्टी वर्षातून एकदा बदलून घ्या असं कंपन्याच सुचवतात. हात वर करा बरं, किती जणांनी बदललीय? (शांतता) बरं.

थोडं विषयांतर. १९६० च्या सुमारास समुद्राचे संशोधक जाक कूस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता ज्यां द वूटर्स यांनी ‘कॅलिप्सो’ नावाचा पाण्यातला कॅमेरा घडवला. तो निकॉननं घेतला आणि १९६३ पासून ‘निकोनॉस’ म्हणून विकला. हे घराणं २००१ पर्यंत चाललं. आता बघा, त्या पहिल्या कॅमेऱ्यांत बॅटरी नव्हती, सगळं यांत्रिक. रोल छत्तीस फोटोंचा. म्हणजे छत्तीस फोटोंनंतर कॅमेरा एकदा उघडायचा, रिंगा काढायच्या, पुसायच्या, ग्रीस लावायचं, परत बसवायच्या. उघडणं हा एक सोहळाच होता, म्हणून काळजी घेतली जायची. आपल्या हातात आज चार्जिंगची खाच दाराआड लपलेला कॅमेरा आहे. बसल्याबसल्या दार उघडतो, केबल खुपसतो, फोनवर बोलत बोलत दार लावतो. कॅमेरा प्रगत झाला, दार मात्र आहे तिथेच आहे.

यावर उपाय म्हणजे दार कमीत कमी वेळा उघडणं. टीजी-६ एका चार्जमध्ये प्रमाणित मोजणीनुसार ३४० फोटो देतो. सकाळी कोरड्या खोलीत भरलेली बॅटरी आणि मोठं कार्ड घाला, दार लावा आणि रात्रीपर्यंत उघडू नका. कोरडी खोली एवढ्यासाठी की दार लावताना आतली हवाही कोंडली जाते. ती दमट असेल आणि कॅमेरा गार पाण्यात गेला, तर ते बाष्प लेन्सच्या काचेवर आतून धरतं. मग पुसणार कसं? लोक म्हणतात कॅमेऱ्यात पाणी शिरलं. शिरलं नाही, तुम्हीच सकाळी आत कोंडलं होतं.

समुद्रातून आल्यावर बंद कॅमेरा दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच बटणं दाबायची, म्हणजे खाचांतलं खारं पाणी निघतं. वाळलेलं मीठ स्फटिक होतं आणि पट्टीला कानशीसारखं घासतं. नंतर सावलीत वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, उष्णतेनं रबराचा लवचीकपणा जातो. आणि कॅमेरा पडला तर? दोन मीटरवरून पडला तरी चालेल असं लिहिलंय. चालेल, म्हणजे फोटो निघतील. पण पडल्यानंतरही पाणी थोपवेल याची हमी त्यात नाही. पडलेल्या कॅमेऱ्याची पुन्हा बादलीत परीक्षा.

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं, आणि मूळ विषय?’ (हशा) तळमळ पोचली. येतो.

डीएसएलआरची बाजू एका आकड्यात आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, दणकट कॉम्पॅक्टचा ६.१७ बाय ४.५५. क्षेत्रफळात तेरापट फरक, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात सुमारे ३.७ स्टॉप; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. हे ऐकून माणूस डीएसएलआर घेतो, आणि घोडं पेंड खातं ते इथेच, कारण त्याच्यासोबत येते किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स. तिचं तोंड १८ मिलिमीटरला, म्हणजे रुंद टोकाला, एफ/३.५, आणि ५५ ला, म्हणजे लांब टोकाला, एफ/५.६; एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. टीजी-६ ची लेन्स रुंद टोकाला एफ/२. म्हणजे १.६ स्टॉप तिथेच गेले, हातात उरले दोनच. लांब टोकाला कॉम्पॅक्टही एफ/४.९ वर घसरतो, तिथे डीएसएलआरचा फायदा परत ३.३ स्टॉपवर जातो. थोडक्यात, घरातल्या कमी उजेडात रुंद टोकाला किट लेन्स लावलेला डीएसएलआर वाटतो तेवढा पुढे नसतो. तोच डीएसएलआर ३५ मिलिमीटर एफ/१.८ लावून बघा, मग जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे बजेट बांधताना बॉडी आणि किट एवढंच धरू नका, ही एक छोटी, झूम नसलेली स्थिर लेन्स धरूनच बेरीज करा. ती परवडत नसेल तर डीएसएलआरचा निम्मा मुद्दा गळाला. आणि निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय ना ते बघा, नाहीतर हातानं फोकस करत बसाल.

पळणारी मुलं, पक्षी, खेळ यांसाठी डीएसएलआर, यात वाद नाही. आरशातून दिसणारं दृश्य रेंगाळत नाही, फोकस पटकन बसतो, आणि निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो देतो. मागची पार्श्वभूमी विरघळवायची असेल तरी तोच. कॉम्पॅक्टच्या लेन्सचं खरं भोक एफ/२ ला सव्वादोन मिलिमीटर असतं, त्यातून पार्श्वभूमी कितीशी विरघळणार! अपवाद एकच, अगदी जवळचं. टीजी लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस करतो. मुंगीच्या मिशा बघायच्या असतील तर डीएसएलआरवाल्याला अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स वेगळी घ्यावी लागते.

आता डीएसएलआर मरतो कसा, हे पण घाईत. नवशिक्यांसाठीच्या बॉडीला पाऊस-धुळीपासून संरक्षण नसतं. झूम फिरवताना लेन्स लांब-आखूड होते आणि भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. डी३५०० मध्ये सेन्सर झटकण्याची सोयसुद्धा काढून टाकलेली आहे. एफ/२२ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, करडे ठिपके दिसले की धूळ समजा. बॅटरी पूर्ण भरून, मेनूतून आरसा वर उचलून, कॅमेरा तोंड खाली करून ब्लोअर मारा. फवाऱ्याचा डबा कधीही नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के, त्याहून कोरडी नको. आणि थंडीतून ऊबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत बंद करूनच आणा, तासाभरानं उघडा.

तर निवडायचं कसं? पाणी, वाळू, चिखल, बर्फ यांत वर्षातून दहा दिवस तरी खरंच जाणार असाल आणि दार पुसायची शिस्त असेल, तर कॉम्पॅक्ट. सोबत तरंगणारा पट्टा घ्या, कॅमेरा दगडासारखा बुडतो. पाण्याखाली दृश्य एक तृतीयांश मोठं दिसतं, तेव्हा २५ मिलिमीटरची लेन्स ३३ सारखी वागते. जवळ जा, आणि लाल रंग पहिल्या काही मीटरांतच जातो म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, पाण्याखालचा लावा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मिळते का ते विचारा. टीजी-४ आणि पुढच्यांत मिळते, डब्ल्यू३०० मध्ये नाही. बाकी सगळ्यांनी डीएसएलआर, शक्यतो वापरलेला, कारण डी३५०० चं उत्पादन थांबलंय आणि कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, आहे. पावसात नेणं वर्षातून एकदाच होत असेल तर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरे.

दुसरी चिठ्ठी. ‘वापरलेला कॉम्पॅक्ट घेऊ का?’ घ्या, पण विकणाऱ्यासमोर दार उघडा. बॅटरीच्या कप्प्यातली टोकं बघा, हिरवट असतील तर पाणी एकदा येऊन गेलंय. पट्टीच्या कोपऱ्यात नखानं हलकंच टेकवून बघा, पांढरी पूड लागली तर ते मीठ. कॅमेरा तिथेच ठेवून या. उरलेले प्रश्न बाहेर घेतो, सभागृहवाल्यांना दिवे घालवायचेत.