सैल मूठ

(दृश्य: लाकडी टेबल. वापरून पिवळा पडलेला एक ग्लोव्ह. ब्लेडचं टोक शिवणीत शिरतं.)

हा डाव्या हाताचा गोल्फ ग्लोव्ह. माझाच आहे. नवा घेतला तेव्हा पांढराशुभ्र होता. आता घामानं पिवळा पडलाय, बोटांची टोकं काळवंडलीत आणि करंगळीच्या बरोबर खाली, तळव्याच्या कडेला, एक भोक पडलंय. या भोकाची गोष्ट थोड्या वेळानं सांगते. आधी शिवण उसवू.

(दृश्य: तुकडे एकेक करून टेबलावर मांडले जातात.)

हा सगळ्यात मोठा तुकडा. तळवा आणि हाताची पाठ एकाच कातड्यातून कापून दुमडलेली. हा अंगठा, तो वेगळा कापून जोडलाय. आणि या बारीक पट्ट्या बोटांच्या मधल्या. या पट्ट्या नसत्या तर बोट चपटं राहिलं असतं, त्याला गोलाई आली नसती. कातडं हातात घेऊन बघा. जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर. उजेडासमोर धरलं तर बोटांच्या सावल्या दिसतात.

या कातड्याला कॅब्रेटा म्हणतात. ते मेंढीचं असतं, पण ज्या मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणतात, तसल्या मेंढीचं नाही. इथिओपियासारख्या उष्ण देशांत अंगावर लोकरीऐवजी साधे केस असलेल्या मेंढ्या असतात. लोकरीच्या मेंढीच्या कातड्यात चरबी जास्त असते. कातडं कमावताना ती निघून जाते आणि आत पोकळ जागा राहतात, त्यामुळे कातडं फोफशं होतं. केसाळ मेंढीच्या कातड्याचे तंतू बारीक आणि दाट. म्हणून ते इतकं पातळ करूनही फाटत नाही.

आता हा तुकडा आडवा ओढते. ताणला गेला. उभा ओढते. जवळजवळ हलत नाही. हे आपोआप झालेलं नाही. चांगला कारागीर कातडं किंचित ओलं करून आधी लांबीच्या दिशेनं ओढून घेतो आणि मगच कापतो. लांबीचा ताण तिथेच संपतो, रुंदीचा उरतो. मूठ मिटली की ग्लोव्ह आडवा फाकायला हवा, पण बोटं लांब व्हायला नकोत. बोट लांब झालं की टोकाशी चुणी पडते आणि चुणी पडली की गोल्फच्या काठीचा दांडा तिथूनच सरकायला लागतो.

(दृश्य: पहाट. गोल्फचं सराव मैदान. चेंडूंची टोपली.)

मी गोल्फ शिकायला लागले तेव्हा माझी समजूत होती की ग्लोव्ह पकड घट्ट व्हावी म्हणून घालतात. त्यामुळे मी दांडा करकचून धरायची. तासाभरात हात भरून यायचे आणि चेंडू मात्र पुढे जायचा नाही. शिकवणारे सर दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, गळा कशाला आवळताय त्याचा? ग्लोव्ह घातलाय ना? मग सैल सोडा की."

हा लघुपट त्या एका वाक्याबद्दल आहे. ग्लोव्ह मूठ आवळायला मदत करत नाही. मूठ आवळायची गरज कमी करतो.

तुम्हीही आत्ता करून बघा. उजवी मूठ जितकी आवळता येईल तितकी आवळा आणि मनगट वर-खाली हलवा. अडकतं. आता मूठ सैल करा आणि पुन्हा हलवा. मनगट मोकळं झालं. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू पंजात नसतात, कोपराच्या खाली असतात. त्यांच्या दोऱ्या मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. बोटं आवळली की या दोऱ्या ताणतात आणि मनगट जखडतं. गोल्फ असो की बेसबॉल, स्विंगचा, म्हणजे दांडा किंवा बॅट फिरवण्याचा, शेवटचा झपाटा मनगटातूनच येतो. जखडलेल्या मनगटातून तो येत नाही.

पण सैल धरलेला दांडा निसटत का नाही?

ड्रायव्हर म्हणजे लांबचा फटका मारायची गोल्फची काठी. व्यावसायिक गोल्फपटूच्या हातातल्या या काठीचं डोकं चेंडूवर येताना ताशी १८० किलोमीटरच्या वर असतं. त्या डोक्याचं वजन साधारण २०० ग्रॅम. दोरीला दगड बांधून गरागरा फिरवला की दोरी हातातून बाहेर ओढली जाते, तसाच हा दांडा बाहेर ओढला जातो. हिशेब केला तर ही ओढ ४० किलोच्या घरात जाते. क्षणभरच, पण जाते. तिला धरून ठेवतं घर्षण. घर्षण दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही किती दाबता आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात. दुसरी गोष्ट वाढवली की पहिली कमी करता येते. त्या अर्ध्या मिलीमीटर कातड्याचं काम एवढंच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. अमेरिकेतलं बेसबॉल मैदान.)

बेसबॉलच्या फलंदाजाच्या हातात ग्लोव्ह आला तो गोल्फमधून. त्याची सर्वांत प्रसिद्ध कहाणी केन हॅरल्सन यांची. त्यांनी ती स्वतः अनेकदा सांगितली आहे. वर्ष १९६४, संघ कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स. त्या दिवशी आपण खेळणार नाही असं धरून हॅरल्सन सकाळपासून गोल्फ खेळत राहिले आणि हाताला फोड आले. संध्याकाळी मैदानावर पोहोचले तर समोर न्यूयॉर्क यांकीजचा डावखुरा गोलंदाज व्हायटी फोर्ड, आणि फलंदाजांच्या यादीत हॅरल्सन यांचं नाव. फोड दुखत होते. खिशात गोल्फचा ग्लोव्ह होता, तोच चढवला. त्या सामन्यात आपण होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे फटके, मारले असं ते सांगतात. प्रतिस्पर्ध्यांनी खूप चिडवलं. दुसऱ्या दिवशी यांकीजचे खेळाडू खिजवायला लाल गोल्फ ग्लोव्ह घालून मैदानात आले, असंही ते सांगतात.

बेसबॉलमध्ये हातमोजा घालून फलंदाजी करणारे हॅरल्सन अगदी पहिले नव्हेत. बॉबी थॉमसन यांनी १९४९ च्या सरावात गोल्फचे ग्लोव्ह वापरल्याची नोंद आहे. पण फोड आलेल्या हाताची ही कहाणी लक्षात राहिली. पुढच्या २० वर्षांत फलंदाजांसाठी खास ग्लोव्ह बनू लागले आणि आज बहुतेक फलंदाज दोन्ही हातांत ते घालतात.

दोन्ही हातांत का? कारण इथे बॅट जड आहे. सुमारे ९०० ग्रॅमचं लाकूड. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजाकडे पोहोचायला साधारण ०.४ सेकंद. आणि चेंडू बॅटच्या भलत्याच जागी लागला तर लाकूड थरथरतं. ती थरथर मुठीपर्यंत येते आणि वरच्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात सणसणीत झिणझिणी बसते. थंडीत खेळलेल्या माणसाला विचारा. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलामुलींनाही ती ठाऊक आहे.

(दृश्य: बॅट आणि चेंडूची टक्कर, अतिशय संथ गतीत.)

इथे थोडं थांबू, कारण या दृश्यात या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. चेंडू आणि बॅट एकमेकांना एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ चिकटलेले असतात. टक्कर झाली की धक्क्याची लाट लाकडातून मुठीकडे निघते. ती मुठीपर्यंत पोहोचून परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे टकरीच्या क्षणी तुम्ही बॅट किती जोरात धरली आहे, हे चेंडूला कळतच नाही. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी हे नीट मांडून दाखवलं आहे. चेंडू लागताना दात-ओठ खाऊन मूठ आवळायची, याचा फटक्याला काही उपयोग नाही. हातांचं काम बॅटला वेग देण्याचं आणि तिला योग्य जागी आणण्याचं. ते टकरीच्या आधीच संपलेलं असतं.

(दृश्य: तळहात. करंगळीखालचा उंचवटा बोटानं दाबला जातो.)

आता माझ्या ग्लोव्हमधलं भोक. ते इथे होतं, करंगळीखालच्या उंचवट्यावर. दांडा बोटांत धरायचा असतो. मी तो तळव्यात धरत होते. प्रत्येक स्विंगला दांड्याचं टोक या जागी घासत होतं. चांगला शिक्षक विद्यार्थ्याचा जुना ग्लोव्ह बघून त्याचा दोष सांगतो तो असा. भोक अंगठ्यावर पडलं, तर त्याचा अर्थ वेगळा.

आणि ही जागा नुसती कातडं झिजण्याची नाही. इथे आत मनगटाचं एक छोटं हाड आहे, हॅमेट. त्याला आकड्यासारखं टोक असतं. गोल्फच्या दांड्याचं टोक आणि बेसबॉल बॅटच्या मुठीच्या टोकाचा गोळा, दोन्ही नेमके त्या आकड्यावर टेकतात. उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या डाव्या हातात हा आकडा मोडल्याची उदाहरणं दोन्ही खेळांत आहेत.

मग तिथे गादी का शिवत नाहीत? बेसबॉलमध्ये शिवतात. गोल्फमध्ये नियम आडवा येतो. गोल्फच्या नियमांनुसार ग्लोव्ह साधाच हवा. तळव्याचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, हात दांड्याला बांधणारा पट्टा नको, आणि आजूबाजूच्या कातड्यापेक्षा ०.६३५ मिलीमीटरहून जाड भर घातली तर ती गादी धरली जाते. गादी चालत नाही. रचनाकाराच्या हातात उरतं ते कातडं, शिवण, छिद्रं आणि मनगटावरचा पट्टा. इतक्या थोडक्यात काम करावं लागतं म्हणूनच शिवण कुठून न्यायची, यावर इतका जीव टाकला जातो. बोटाच्या पोटावर शिवण आली की ती दांडा आणि कातडं यांच्यामध्ये येते. म्हणून ती कडेला सरकवतात.

(दृश्य: मातीत काम करणारे हात. कुदळीची मूठ.)

ग्लोव्हशिवाय खेळलेले मोठे खेळाडूही आहेत. फ्रेड कपल्स यांनी १९९२ ची गोल्फची मास्टर्स स्पर्धा उघड्या हातांनी जिंकली. बेसबॉलमध्ये जॉर्ज ब्रेट आणि व्लादिमीर गरेरो (थोरले) उघड्या हातांनीच फलंदाजी करत. ब्रेट बॅटच्या मुठीला पाइन टार, म्हणजे पाइनच्या लाकडाचं चिकट डांबर, लावत, आणि त्यावरून १९८३ मध्ये यांकी स्टेडियमवर झालेला वाद आजही सांगितला जातो. गोलंदाजाकडे राळेची पिशवी असते. ही राळ म्हणजे व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. आणि आपला शेतकरी कुदळ उचलण्याआधी तळहातावर थुंकी घेतो. मूठ सैल ठेवून जोर लावायचा, हे कुदळ चालवणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कोरडा तळवा सटकतो, किंचित ओलसर तळवा धरतो.

किंचित ओलसर. चिंब नव्हे. कॅब्रेटाचंही तसंच. मुंबईत मे महिन्यात नवव्या होलपर्यंत, म्हणजे अर्धा खेळ होईपर्यंत, ग्लोव्ह भिजतो आणि धरणं सोडतो. म्हणून जाणते खेळाडू पिशवीत दोन-तीन ग्लोव्ह ठेवतात आणि आळीपाळीनं वापरतात. पावसाळ्यात तर कातड्याचा उपयोगच नाही. तेव्हा मायक्रोफायबरचा ग्लोव्ह घालतात. तो ओला झाला की जास्त धरतो, आणि पावसात खेळायचं असेल तर दोन्ही हातांत घालतात. भिजलेला ग्लोव्ह चुरगळून खिशात कोंबू नका. घामातलं मीठ कातड्यात राहतं आणि सकाळी हातात येतं ते वाळलेलं पान. बोटं सरळ करून सावलीत पसरून ठेवा.

(दृश्य: ग्रीन. संध्याकाळ. चेंडू छिद्रापासून दोन पावलांवर.)

चेंडू ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या आखूड गवतावर, आला. आता ४० किलोची ओढ नाही, झपाटा नाही. दांड्याला फक्त हलकासा ढकलायचं आहे आणि त्यासाठी बोटांना दांडा कळायला हवा. बहुतेक खेळाडू इथे मनगटावरचा पट्टा सोडतात, एकेक बोट ओढून ग्लोव्ह काढतात आणि मागच्या खिशात खोचतात.

(दृश्य: दोन्ही हात शेजारी शेजारी. कॅमेरा जवळ.)

उजवा हात उन्हानं रापलेला. डावा मनगटाच्या रेघेपर्यंत पांढराफटक.