पोटरी दुखते, पण बिघाड कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

कंबरेतून कळ निघते, कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते आणि पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत जाते. माणूस पाय धरून बसतो. मग घरातलं कुणीतरी तेल कोमट करून आणतं आणि पोटरी जोर लावून चोळायला घेतं. हेतू चांगलाच असतो, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पोटरीचा बिचारीचा यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो.

सायटिक ही आपल्या शरीरातली सर्वांत जाड नस. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन ती तयार होते. कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूच्या खालून ती मांडीच्या मागे येते आणि साधारण गुडघ्याच्या वर तिच्या दोन शाखा होतात. सायटिकाच्या, म्हणजे या नसेच्या दुखण्याच्या, बहुतेक रुग्णांत खरी कुरबुर असते ती मुळांपाशी. दोन मणक्यांमधली चकती बाहेर सरकते, मुळावर दाब येतो, तिथे दाह होतो. चकती आणि सायटिका यांचं हे नातं १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी ठळकपणे मांडलं.

पण पायात उतरणारी प्रत्येक कळ सायटिकाची नसते. १९३८ साली केलग्रेन या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंमध्ये खारट द्रावण टोचून पाहिलं. नस कुठेही दबलेली नव्हती, तरी सुईच्या जागेपासून बऱ्याच लांबवर दुखू लागलं. स्नायू, सांधे, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश मज्जारज्जूत एकाच पेशीवर येऊन मिळतात, आणि निरोप नेमका कुठून आला हे ओळखताना मेंदूची गल्लत होते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. याला म्हणतात दूरस्थ वेदना, म्हणजे रेफर्ड पेन.

दोन्हींचा स्वभाव वेगळा. नसेचं दुखणं वीज चमकल्यासारखं, एका पट्ट्यात, बऱ्याचदा गुडघ्याच्या खाली जाणारं. सोबत मुंग्या, बधिरपणा, आणि खोकल्या-शिंकल्यावर जोरात कळ. दूरस्थ वेदना ठसठसणारी, खोल. 'नक्की कुठे दुखतंय?' असं विचारलं तर माणूस बोट ठेवत नाही, अख्खा तळवा फिरवतो. ती बहुधा गुडघ्याच्या वरच थांबते. बहुधा म्हणतोय, कारण याला ठळक अपवाद आहे. विजारीची बाजूची शिवण जिथे कमरपट्ट्याला मिळते, त्याच्या चार-पाच बोटं खाली, कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला ग्लुटियस मिनिमस नावाचा छोटा स्नायू आहे. त्यात आखडलेली गाठ असेल तर कळ मांडीच्या बाजूने घोट्यापर्यंत जाऊ शकते. हुबेहूब सायटिका! म्हणून निदान आधी डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावं.

मालिशीचा खरा उपयोग या स्नायूंच्या दुखण्यात. कुशीवर झोपायचं, दुखरी बाजू वर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आधी तळहाताने सगळा भाग सैल करायचा, मग ती दुखरी जागा अंगठ्याने हळूहळू दाबायची. दाब असा, की 'हं, हेच ते दुखणं' असं वाटावं, पण श्वास रोखावा लागू नये. अर्ध्या मिनिटात दुखणं ओसरायला लागलं तर ठीक. उलट पायात मुंग्या उतरल्या, कळ आणखी खाली सरकली, तर हात लगेच काढायचा. तिथे नस चिडते आहे. कुल्ल्याच्या मधोमध कोपर रोवून उभे राहणारे मालिशवाले मला तरी धडकी भरवतात. त्याच्या खालूनच ती नस जाते.

आणि चकतीचं काय? 'मणक्यातला गॅप मालिशीने भरून देतो' असं सांगणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. सरकलेली चकती हाताने आत ढकलता येत नाही. मालिश करते ते एवढंच, की दुखण्यामुळे ताठरलेले पाठीचे, कुल्ल्याचे स्नायू थोडे सैल होतात, झोप लागते, चालावंसं वाटतं. हेही कमी नाही, कारण चालणं आणि सांगितलेले व्यायाम हेच पुढचं मुख्य काम. नुसत्या मालिशीवर विसंबणाऱ्याला आराम मिळतो तो तात्पुरता. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं, बाहेर आलेली चकती अनेकदा आपोआप आक्रसते. कळ पावलातून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत गेली तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी.

मात्र बसायच्या जागेची संवेदना गेली, लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर मालिश नाही, सकाळची वाट पाहणंही नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. पाऊल लटकं पडू लागलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. ताप असेल, आधी कर्करोग झालेला असेल किंवा नुकतंच पडणं झालं असेल, तर तपासणीआधी मालिशीला बसू नये. आणि एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, तर तिला कुणालाही चोळू देऊ नका. तिथे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते.

नमस्कार.