पोथी कोण सांगणार?

(माहितीपटाचं निवेदन)

[महामार्ग. कुडाळ मागे पडतं. पिंगुळीचा रस्ता.]

मुंबई-गोवा महामार्गाने कुडाळ सोडलं की सावंतवाडीच्या वाटेवर पिंगुळी लागतं. राऊळ महाराजांचा मठ म्हटलं की सिंधुदुर्गात कुणीही या गावाचा रस्ता सांगेल. आम्हाला जायचं होतं ते याच गावातल्या गुढीपूरला, चित्रकथी सांगणाऱ्या आणि बाहुल्या नाचवणाऱ्या ठाकर आदिवासींच्या वाडीत.

[आंगण. पाटी. भिंतीला टेकवलेल्या बाहुल्या.]

पाटीवरचं नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. याला संग्रहालय म्हणा, शाळा म्हणा, नाहीतर एका कुटुंबाचं घर म्हणा, तिन्ही बरोबरच. हे कुटुंब गंगावण्यांचं.

[संग्रहालयाचं दार. आत अंधार, मग उजेड.]

आज जिथे चित्रं मांडली आहेत तिथे पूर्वी गुरं बांधत. २००६ साली परशुराम विश्राम गंगावणे यांनी घरचा गोठा रिकामा केला आणि त्यात संग्रहालय थाटलं. आधी समिती, मग निधी, मग इमारत असा संस्था काढायचा जो शिरस्ता आहे, त्या वाटेला ते गेलेच नाहीत. हाताशी गोठा होता, तो घेतला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि कॅमेरे पिंगुळीकडे वळले. त्याआधीची पंधरा वर्षं इथे जे चाललं होतं तेच आजही चालू आहे. आलेल्या माणसाला बसवायचं, दाखवायचं आणि जमेल तितकं शिकवायचं.

[जुनी चित्रं. कॅमेरा सावकाश पानावरून सरकतो.]

चित्रं दाखवून कथा सांगणारी माणसं आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये त्यांचा उल्लेख येतो. हीच चित्रकथी. महाराष्ट्रात तिच्यासाठी दोन गावांची नावं घेतली जातात, पैठण आणि पिंगुळी. पैठणची म्हणून ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. पिंगुळीची चित्रं मात्र अजून माणसाच्या मांडीवर आहेत आणि त्यांच्यासोबत आवाजही आहे.

एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. तीत साधारण ३० ते ५० चित्रं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे पान उलटलं की पुढचा प्रसंग समोर. सुरुवातीला गणपती आणि सरस्वती, मग ज्यांची कथा असेल ते. राम, पांडव, इंद्रजित. माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे आणि वाटोळे. लांबचं लहान, जवळचं मोठं या भानगडीत इथला चित्रकार पडत नाही. राक्षस मोठा, कारण तो राक्षस आहे.

[देऊळ, दिवसा. रिकामा सभामंडप. खांब.]

सावंतवाडी संस्थानाने ठाकरांना आश्रय दिला. कुठल्या देवळात कुठल्या घराने पोथी सांगायची हेसुद्धा ठरलेलं असे. नवरात्रासारख्या दिवसांत रात्री देवळात बैठक बसायची. कथा सांगणारा मधे, साथीदार बाजूला, आणि वाद्यं म्हणजे वीणा, डमरूच्या आकाराचं हुडूक, टाळ. गावोगाव फिरणाऱ्या या माणसांकडे शिवकाळात हेरगिरीचंही काम असे, असं समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कागद मागायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण विचार करून बघा, परक्या गावात, भर देवळात, रात्रभर बसायची सोय ज्या सोंगात आहे त्याहून बरं सोंग हेराला कुठलं मिळणार?

आम्ही गेलो तेव्हा नवरात्र नव्हतं. देऊळ रिकामं होतं, ते तसंच दाखवतो आहोत.

[ओसरी. मुलं रांगेत. कागद, पेन्सिली, रंगांच्या वाट्या.]

सकाळचा वर्ग. मुलं तालुक्यातल्याच शाळेची, दप्तरांसकट आलेली. ती सहलीला आली आहेत, आणि शिकवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे की यातली बहुतेक दुपारच्या जेवणानंतर गाडीत बसून निघून जाणार. तरी तो सुरुवात डोळ्यापासूनच करतो.

[क्लोज-अप : मुलीचा हात, कागदावर सीतेचा चेहरा.]

चेहऱ्याची कड एका दमात ओढायची, मधे हात उचलायचा नाही. मग वरची पापणी, खालची पापणी आणि शेवटी बुबुळ. या मुलीने बुबुळ काढलं ते बरोब्बर मधोमध. शिकवणारा वाकून बघतो. खोडरबर मागत नाही.

“ह्यो डोळो खंय बघता?”

“भायर.”

“भायर कोण नाय. रावण हकडे उभो आसा.”

[मुलगी पुन्हा डोळा काढते. यावेळी बुबुळ पुढच्या कडेला.]

पोथीतलं प्रत्येक पात्र दुसऱ्या पात्राशी बोलत असतं. चित्रातल्या सीतेने आपल्याकडे, प्रेक्षकाकडे बघायचं कारण नाही. तिचं भांडण रावणाशी आहे. कॉलेजात शिकलेल्या चित्रकाराला हे समजवायला जड जातं म्हणतात, कारण त्याला चेहरा सुंदर काढायचा असतो. या मुलीला ते एका वाक्यात कळलं. वय अकरा-बारा असेल.

रंगांचं थोडक्यात सांगून पुढे जाऊ. जुने रंग दगड-मातीचे आणि झाडपाल्याचे. शाळेच्या मुलांना मात्र दुकानातले तयार रंग दिले जातात, आणि त्यात काही बिघडत नाही. डोळा कुठे बघतो हे कळलं असेल तर रंग कुठल्या दुकानातला हा प्रश्न दुसरा.

[चामडं. ताणून वाळत घातलेलं. उन्हात आरपार दिसणारी कड.]

आता बाहुल्या. ठाकरांच्या दोन. चामड्याच्या, सावलीच्या खेळाच्या, आणि लाकडाच्या, कळसूत्री.

चामड्याचं काम बघायला निवांत वेळ हवा. कातडं भिजवायचं, केस खरवडून काढायचे आणि मग ते ताणून वाळवायचं. ताण कमी पडला तर वाळताना सुरकुत्या धरतात आणि त्या पडद्यावर दिसतात. नीट वाळलेलं चामडं उन्हाला धरलं की जुन्या कंदिलाच्या काचेसारखं पिवळं, धुरकट दिसतं. त्यावर आकृती काढायची आणि कड कापायची.

[क्लोज-अप : अणकुचीदार हत्यार, हातोडीचा हलका ठोका, एक भोक. मग दुसरं.]

आणि मग भोकं. बाहुलीचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, वस्त्राची किनार, सगळं भोकांतून घडतं. सावलीच्या खेळात दागिना रंगाने दिसत नाही, उजेडाने दिसतो. जिथे भोक, तिथे सोनं. एक भोक चुकलं की ते बुजवता येत नाही. शिकणाऱ्याला आधी उरलेल्या तुकड्यांवर बसवतात ते यासाठी. हात बसला की मग बाहुली.

[पडदा. मागून दिवा. रावण येतो.]

पांढरा पडदा, त्यामागे दिवा, दिवा आणि पडद्यामध्ये बाहुली. बाहुली पडद्याला टेकवली की कड रेखीव, मागे नेली की ती फुगते आणि पुसट होते. रावणाचा प्रवेश म्हणूनच मागून करतात. आधी पडदाभर काळोख, मग तो आकसत आकसत दहा तोंडांचा होतो. हा खेळ आम्ही पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चित्रित केला. समोर बसलेली मुलं ओरडली, त्यांचा आवाज काढून टाकलेला नाही.

[कळसूत्री बाहुल्या. दोऱ्या, बोटं.]

कळसूत्रीत बोटांचं काम. दोरी ओढली की बाहुली हलते हे कुणालाही जमतं. ती चालली पाहिजे, थांबली पाहिजे, बोलणाऱ्याकडे वळली पाहिजे. दशावतारातला राजा जसा प्रवेश करताच सभामंडप मापून घेतो, तशी ही लाकडी राजाची बाहुली आधी डावीकडे वळते, मग उजवीकडे. कोकणातल्या माणसाला ही लकब सांगावी लागत नाही. दशावतार आणि बाहुल्या, दोन्ही त्याच देवळांच्या आवारात वाढले, आणि खरं सांगायचं तर गर्दी दशावताराने ओढून नेली.

कॅमेऱ्याला बाहुल्या आवडतात. आम्हीही त्यांच्यातच जास्त वेळ घालवला, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. पण या आंगणात शिकवायला सगळ्यांत अवघड जे आहे, ते कॅमेऱ्यात धड मावत नाही.

[संध्याकाळ. ओसरीवर पोथी. वीणेची तार जुळवली जाते.]

ते म्हणजे कथन. पोथी सांगणं.

चित्राच्या मागे काही लिहिलेलं नसतं. कथा तोंडपाठ, आणि नुसती पाठ असून भागत नाही. कुठे गायचं, कुठे बोलायचं, कुठल्या शब्दावर पान उलटायचं, साथीदाराने री ओढली की आपण किती थांबायचं, पुढे बसलेल्यांपैकी कुणी पेंगायला लागलं तर कुठला प्रसंग लवकर आणायचा. हे कुठल्या वहीत सापडत नाही. वडिलांच्या शेजारी बसून, टाळ वाजवत, वर्षानुवर्षं ऐकून ते अंगात मुरतं. परशुराम गंगावण्यांनी ते असंच घेतलं आणि त्यांच्या मुलांनीही असंच. मुलं आज खेळ करतात, शिकवतात, पाहुण्यांना माहितीही देतात.

[पान उलटतं. आवाज चढतो. हुडूक.]

घरातल्या घरात ही पद्धत चालत होती, कारण कला घरातच राहायची. पोथी घराण्याची, देऊळ घराण्याचं. आंगणाने दार उघडलं ते बाहेरच्यांसाठी. आता प्रश्न असा की बाहेरचा माणूस वर्षानुवर्षं शेजारी बसणार कधी? दोन दिवसांच्या कार्यशाळेत डोळा शिकवता येतो. आठवडाभरात चामड्याला भोक पाडायला शिकवता येतं. कथनाला कार्यशाळा नाही. आमच्या मते इथल्या शिक्षकांपुढचं खरं काम हेच आहे आणि त्याचं तयार उत्तर त्यांच्यापाशीही नाही. तोवर ते एक करतात. वर्ग चित्राचा असो की बाहुलीचा, सुरुवातीला पोथीतला एक प्रसंग गाऊन दाखवतात, मग कागद वाटतात. मुलं चुळबुळ करतात. करू देतात.

जुन्या पोथ्यांतली कितीतरी पानं संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेली. ती जपली गेली हे चांगलंच झालं. पण सुट्या पानाला पुढचा-मागचा प्रसंग नसतो. आज चित्रकथीला गिऱ्हाईक आहे ते दिवाणखान्याच्या भिंतीवर लावण्याजोग्या एकाच चित्राचं. ते विकलं जावं, घर त्याच्यावरही चालतं. तरी शिकायला येणारे सगळे चित्रच शिकून जाऊ लागले तर वीणा कोण घेणार, हे विचारायला हवं.

[वही. पावत्या. फोनवर बोलणारा हात. अंगणात खुर्च्या लावल्या जातात.]

संस्था चालवणं म्हणजे हेही. शाळांना पत्रं, येणाऱ्या गाड्यांची वेळ, खुर्च्या, चहा, पडदा धुणं. आणि कोकणातला पाऊस. चामडं आणि कागद, दोघांनाही बुरशीचं वावडं. पावसाळ्यात वस्तू पुन्हा पुन्हा काढून पुसाव्या लागतात, ऊन पडलं की वारा द्यावा लागतो. घरातल्या सगळ्यांचे हात यात असतात आणि पुरस्काराच्या फोटोत ते सगळे मावत नाहीत.

समाजातली बरीच घरं या कलांपासून दूर गेली, तरुण पोरं नोकरीसाठी गोव्याला, मुंबईला गेली आणि ठाकरांच्या जात पडताळणीचं भिजत घोंगडं वर्षानुवर्षं तसंच आहे. तो वेगळ्या फिल्मचा विषय.

[दुपारची बस आंगणातून निघते. शिकवणारा कागद गोळा करतो.]

मुलांनी काढलेली चित्रं मुलंच घेऊन जातात. मागे राहिलेले दोन-तीन कागद शिकवणारा उचलतो, एकावरचा डोळा अजून ‘भायर’ बघतो आहे. उद्या दुसरी शाळा येणार, पुन्हा डोळ्यापासून.

[पाटी. वाडीचा रस्ता.]

पिंगुळीला गेलात तर आधी फोन करून जा. अर्ध्या तासात बाहुल्या बघून, फोटो काढून निघता येतं, बरेच जण तसंच करतात. तुम्ही निदान दोन तास हाताशी ठेवा आणि एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला सांगा. चित्र विकत घ्यायचं असेल तर ते त्यानंतर घ्या, म्हणजे कुणाचं भांडण कुणाशी चाललंय हे घरी आलेल्या पाहुण्याला सांगता येईल.