मागे सरून पाहणारा चित्रकार

(जॉन सिंगर सार्जंटच्या कारकिर्दीवरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, सार्जंट म्हटलं की रेशमी झगे, मोत्यांच्या माळा आणि ऐटबाज चेहरे आठवतात. ती व्यक्तिचित्रं अप्रतिम आहेतच. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या चालण्याविषयी.

सार्जंट उभं राहून चित्र काढायचा. कॅनव्हास समोरच्या माणसाच्या अगदी शेजारी लावायचा, म्हणजे माणूस आणि चित्र एका नजरेत, एकाच मापात दिसत. मग तो बरीच पावलं मागे जायचा, बघायचा, फटकारा मनात पक्का करायचा, चालत पुढे येऊन तो ठेवायचा आणि पुन्हा मागे. दिवसभर अशा येरझाऱ्या. त्याच्या चित्रातली बाही जवळून पाहा, ओल्या रंगाचे चार पट्टे दिसतील. चार पावलं मागे या, तिचं सॅटिन झालेलं असतं. हे छापील पुस्तकात कळत नाही. पुस्तक चित्राला लहान करतं, पण मागे सरण्याची जागा देत नाही.

ही शिस्त त्याला पॅरिसमध्ये लागली. आईवडील अमेरिकन, जन्म फ्लॉरेन्सचा, १८५६ चा, आणि बालपण युरोपभर फिरण्यात गेलेलं. अठराव्या वर्षी तो कॅरोलस-दुरां या चित्रकाराकडे शिकू लागला. आधी बारीक रेखाटन करून मग त्यात रंग भरणं या गुरूंना मान्य नव्हतं. थेट कुंचल्याने सुरुवात करा, आधी मधल्या छटा नीट जुळवा, गडद आणि उजळ नंतर, असं ते सांगत. सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ हा त्यांचा आदर्श. सार्जंटने १८७९ मध्ये माद्रिदला जाऊन वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या चित्राची नक्कल केली. ती शिकवण १८८२ च्या एका चित्रात फळाला आली. एडवर्ड बॉइट यांच्या चार मुली एका मोठ्या, अर्धवट अंधाऱ्या खोलीत विखुरल्या आहेत आणि त्यांच्याहून उंच जपानी फुलदाण्या बाजूला उभ्या आहेत. एक मुलगी तर तोंड फिरवून उभी. मुलींचं व्यक्तिचित्र असं काढायला केवढी हिंमत लागली असेल! मला हे त्याचं पहिलं भित्तिचित्र वाटतं, चौकटीत बसवलेलं. चेहऱ्यांइतकंच महत्त्व इथे त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेला आहे.

‘मादाम एक्स’ या त्याने काढलेल्या एका स्त्रीच्या व्यक्तिचित्राची कथा तुम्हाला माहीत असेल. १८८४ च्या प्रदर्शनात तिच्या झग्याच्या, खांद्यावरून घसरलेल्या एका पट्ट्यावरून पॅरिस खवळलं, त्याने पट्टा नंतर रंगवून वर सरकवला आणि १८८६ मध्ये मुक्काम लंडनला हलवला. १९१६ मध्ये तेच चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकताना, आपण केलेलं सर्वांत चांगलं काम बहुधा हेच, असं त्याने लिहिलं. एवढं पुरे. त्या पट्ट्याने त्याच्या बाकीच्या चाळीस वर्षांवर पडदा टाकलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण १८९० मध्ये त्याच्याकडे अमेरिकेतल्या बोस्टन सार्वजनिक ग्रंथालयाच्या भिंती रंगवण्याचं काम आलं. वरच्या मजल्यावरचं लांबट, अरुंद दालन, उजेड छतातून येणारा. विषय त्याने स्वतः निवडला : धर्मविचारांचा प्रवास. इजिप्तच्या देवतांपासून निघून ज्यू संदेष्ट्यांपर्यंत आणि तिथून ख्रिस्ती मध्ययुगापर्यंत. गंमत म्हणजे ही चित्रं भिंतीवर रंगवलेलीच नाहीत. इंग्लंडमधल्या स्टुडिओत प्रचंड कॅनव्हास रंगवायचे, गुंडाळून जहाजाने पाठवायचे आणि तिथे भिंतीला चिकटवायचे. म्हणजे मागे सरायचं अंतर आता एक अख्खा महासागर! उजेड कमी, म्हणून काही भाग त्याने उठावात घडवले, त्यावर सोनं चढवलं. ज्यू संदेष्टा मोझेस याची आकृती अशी भिंतीतून पुढे येते. १८९५ मध्ये संदेष्ट्यांची रांग लागली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

१९०७ मध्ये, मागणी अगदी टिपेला असताना, त्याने व्यक्तिचित्रांची कामं घेणं जवळपास थांबवलं. फारच गळ पडली तर कोळशाने चेहरा काढून द्यायचा. पैसा व्यक्तिचित्रांत होता, मन भिंतींत आणि जलरंगांत. त्याच्या अष्टपैलुत्वाचं कौतुक करताना आपण हे विसरतो की त्याने हातचं यश सोडून दिलं होतं.

आता १९१८. ब्रिटिश सरकारच्या समितीने त्याला युद्धभूमीवर पाठवलं. विषय ठरवून दिला होता : ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्याचं सहकार्य. बासष्ट वर्षांचा हा माणूस फ्रान्समध्ये फिरला आणि ऑगस्टमध्ये एका उपचार केंद्राजवळ मस्टर्ड गॅस या विषारी वायूने पोळलेले सैनिक त्याने पाहिले. ‘गॅस्ड’ हे चित्र सहा मीटरहून जास्त लांब आहे. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. एकाने पाय नको तितका उंच उचललाय, कारण पायरी केवढी आहे हे त्याला दिसत नाही. मागे दूरवर फुटबॉल चाललाय. जन्मभर ज्याने डोळे रंगवून नाव कमावलं, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या युद्धचित्रात डोळेच झाकले. त्या उचललेल्या पायाइतकं बोलकं व्यक्तिचित्र मला दुसरं माहीत नाही.

हे चित्र १९१९ मध्ये लंडनला लागलं. त्याच वर्षी बोस्टनच्या दालनात आणखी एक पट्टी बांधलेली आकृती आली. ‘सिनेगॉग’, म्हणजे ज्यू धर्माचं प्रतीक. डोळे बांधलेली, राजदंड मोडलेली, मुकुट ढळलेली वृद्धा आणि तिच्या जोडीला ताठ बसलेली, ख्रिस्ती धर्माचं प्रतीक असलेली ‘चर्च’. मध्ययुगीन कॅथेड्रलांच्या शिल्पांत ही जोडी असते, सार्जंटने तिथूनच ती उचलली होती. पण ज्यू समाजाला त्या वृद्धेत आपला धर्म मोडून पडलेला दिसला, आणि त्यांचं दुःख खरं होतं. १९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने चित्र हटवण्यासाठी कायदा केला, तो १९२४ मध्ये रद्द झाला. चित्र राहिलं. मला इथे सार्जंट चुकला असं वाटतं. लांबून पाहायची सवय ज्याच्या हाडामासांत होती, त्याने या वेळी शेकडो वर्षं लांबून पाहिलं, आणि भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या जिवंत माणसाचं अंतर तेवढं मोजायचं राहिलं.

त्या दोन आकृतींच्या मधोमध शेवटचं मोठं चित्र यायचं होतं, डोंगरावरून उपदेश करणाऱ्या येशूचं. संपूर्ण दालन त्या चित्राकडे चालत येतं. बोस्टनच्याच कलासंग्रहालयातल्या जिन्यावरची चित्रं त्याने नंतर पुरी केली. ती लागण्याआधीच, एप्रिल १९२५ मध्ये, लंडनला झोपेत त्याला मरण आलं. ग्रंथालयातली मधली ती जागा मात्र त्याने कधीच भरली नाही. दोन्ही बाजूंना दोघी बसलेल्या आहेत आणि मध्ये आजही कोरी भिंत आहे.