उत्तर कागदावर येईपर्यंत

(इंग्लंडमधल्या स्थानिक छाननी समितीबद्दल कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोल्हापूरच्या माणसाला पुराचे आकडे शिकवावे लागत नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मी इथलीच. गेली १९ वर्षं इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका लहान गावात राहते. डिसेंबर २०१५ मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गल्लीत पाणी शिरलं. शेजारी दारात उभे राहून बघत होते, आणि मी आधी वीज बंद केली, मग कागदपत्रं आणि तांदळाचा डबा वरच्या मजल्यावर नेला. ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

पाणी उतरल्यावर मात्र माझी मती गुंग झाली. आमच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला एक लोखंडी जाळी आहे, पावसाचं पाणी खाली जाण्यासाठी. ती गाळानं आणि कुजलेल्या पानांनी गच्च भरली होती. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, फोन केला. ते म्हणाले, जाळी आमची, पण खालची वाहिनी पाणी कंपनीची. कंपनी म्हणाली, वाहिनी ठीक आहे, मागचा ओढा भरला म्हणून पाणी उलटं आलं. ओढ्याचं विचारायला गेले तर कळलं की मोठी नदी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे, म्हणजे सरकारच्या पर्यावरण संस्थेकडे असते, पण असा छोटा ओढा ज्याच्या जमिनीतून वाहतो त्या मालकानं साफ ठेवायचा. प्रत्येकाचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी आलं होतं, त्याला जबाबदार कुणीच नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत एका संध्याकाळी मी पहिल्यांदा कौन्सिलच्या छाननी समितीच्या बैठकीला जाऊन बसले. इंग्रजीत तिला स्क्रूटिनी कमिटी म्हणतात. आपल्याकडे छाननी म्हटलं की उमेदवारी अर्ज आठवतात. पण तिथे छाननी होते ती सत्तेची, वर्षभर, आणि लोकांसमोर.

ही समिती आली कुठून, ते थोडक्यात सांगते. सन २००० च्या स्थानिक शासन कायद्यानं इंग्लंडमधल्या बहुतेक कौन्सिलांत जुनी समिती पद्धत गेली आणि दहापर्यंत माणसांच्या मंत्रिमंडळासारख्या गटाकडे निर्णय गेले. बाकीच्या नगरसेवकांनी मग करायचं काय? त्यांच्यासाठी ही समिती. निर्णय घेणाऱ्या गटातला कुणीही तिच्यात बसू शकत नाही. ती त्या गटातल्या सदस्याला आणि अधिकाऱ्याला समोर बोलावू शकते, झालेला निर्णय अंमलात येण्याआधी थांबवून फेरविचाराला पाठवू शकते, आणि तिच्या अहवालाला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. बस्स, एवढंच. निधी देता येत नाही, ठेका रद्द करता येत नाही, कुणाची बदली करता येत नाही. इथे स्थायी समितीचा दरारा पाहिलेल्या माणसाला हे ऐकून वाटेल, मग असल्या समितीचा उपयोग काय? मलाही तसंच वाटलं होतं.

त्या संध्याकाळी एका लांब टेबलापाशी कौन्सिलचा रस्ते अधिकारी, पाणी कंपनीची बाई आणि एजन्सीचा माणूस शेजारी शेजारी बसले होते. मी ज्यांना आठवडाभर वेगवेगळे फोन लावले, ते तिघं एका जागी! एक वयस्क नगरसेविका होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, ‘या गल्लीतल्या जाळ्यांमधला गाळ गेल्या वर्षी किती वेळा काढला?’ रस्ते अधिकारी म्हणाला, वेळापत्रकाप्रमाणे, वर्षातून एकदा. ‘सगळ्या जाळ्यांचा?’ हो, सगळ्यांचा. ‘ज्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं आहेत आणि ज्या रस्त्यावर एकही झाड नाही, त्या दोन्हींचा एकदाच?’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हो. तो खोटं बोलला नाही, आणि बाईंचा आवाजही चढला नाही. पण ते ‘हो’ इतिवृत्तात गेलं. पुढच्या बैठकीत कोणती जाळी किती लवकर भरते याची यादी मागितली गेली, आणि वर्षभरानं झाडांच्या रस्त्यांवरची सफाई पानगळीच्या दिवसांत वाढली. पुढे मुसळधार पाऊस झाला की मी पहाटे खिडकीतून त्या जाळीकडे बघत असे.

हे तिघं एका टेबलापाशी आले ते कुणाच्या सौजन्यामुळे नाही. जून २००७ मध्ये हल शहर बुडालं. या शहराचा बहुतेक भाग भरतीच्या पातळीखाली आहे. तिथे नदी फुटली नव्हती. पाऊस पडला तो गटारांत मावला नाही आणि जमिनीवरूनच घरांत शिरला. त्या उन्हाळ्यातल्या पुरांचा अभ्यास सर मायकेल पिट यांनी केला. जून २००८ च्या त्यांच्या अहवालात ९२ शिफारशी होत्या. त्यातल्या एका शिफारशीत म्हटलं होतं की पुराशी संबंधित सगळ्या संस्थांचं काम स्थानिक छाननी समितीनं तपासावं आणि माहिती देणं त्या संस्थांना बंधनकारक असावं. २०१० च्या पूर आणि जल व्यवस्थापन कायद्यात ते आलं. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये कौन्सिलनं पुराची चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध करायचे, अशी तरतूद आहे. आपल्याकडे पूर ओसरला की तलाठी पंचनामा करतो. घरात पाणी किती होतं, भिंत पडली का, भांडी गेली का. तो लागतोच, त्यावर सानुग्रह अनुदान मिळतं. कलम १९ चा अहवाल वेगळं विचारतो. पाणी आलं कुठून, ती वाट कुणाच्या ताब्यात होती, आणि त्यानं काय केलं किंवा काय करणार आहे? नुकसानीचा कागद आणि कारणाचा कागद, हे दोन वेगळे कागद आहेत. इथे माझ्या आईकडे पहिल्या प्रकारचे दोन आहेत, २०१९ चा आणि २०२१ चा. दुसऱ्या प्रकारचा एकही नाही.

आता घरांकडे येते. इथे मला जड जातं, कारण छाननी असूनही माणसं मेली, अशी गोष्ट सांगायची आहे. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं गेली. इमारत केन्सिंग्टन आणि चेल्सी कौन्सिलची, कारभार एका व्यवस्थापन संस्थेकडे. घरांवर लक्ष ठेवणारी छाननी समितीही त्या कौन्सिलमध्ये होती. रहिवासी आधीपासून आगीच्या धोक्याबद्दल सांगत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. त्या संस्थेवरची कौन्सिलची देखरेख कमकुवत होती, आणि ज्या निर्देशांकांवर संस्थेचं काम मोजलं जाई त्यांत अग्निसुरक्षा नव्हतीच, असं त्यात आहे. जे मोजतच नव्हते, ते टेबलावर येणार कसं? समितीसमोर येणारा तक्ता कोण बनवतो, हा प्रश्न म्हणूनच मला समितीच्या अधिकारांपेक्षाही मोठा वाटतो.

ओल आणि बुरशीचंही तसंच आहे. तिथल्या थंडीत खिडक्या बंद असतात, भिंतीला घाम सुटतो आणि कोपऱ्यातून काळे ठिपके चढत जातात. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये अशाच घरातल्या बुरशीनं गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना सांगितलं होतं, वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावानं आता कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या, म्हणजे कौन्सिलनं किंवा संस्थांनी कमी भाड्यानं दिलेल्या घरांच्या, मालकाला गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते, जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. आमच्या समितीत पूर्वी ‘किती तक्रारी बंद केल्या’ हा आकडा यायचा. कर्मचारी येऊन भिंत पुसून गेला की तक्रार बंद. समितीनं तो रकाना बदलून घेतला. आता विचारतात, तीच तक्रार त्याच घरातून पुन्हा किती वेळा आली? रकाना बदलल्यावर त्याच घरांचं चित्र पार बदललं.

निर्वासितांबद्दल बोलताना मला वळिवडे आठवल्याशिवाय राहत नाही. १९४३ पासून काही वर्षं इथून हाकेच्या अंतरावर महायुद्धानं विस्थापित झालेली सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुलं. माझी आजी त्यांना बाजारात बघायची. मार्च २०२२ मध्ये ब्रिटननं ‘होम्स फॉर युक्रेन’ ही योजना काढली, तेव्हा माझ्या शेजारणीनं एका आईला आणि तिच्या मुलाला घरात घेतलं. यजमानाला महिन्याला ३५० पाउंड, आणि कौन्सिलला सुरुवातीला माणशी १०,५०० पाउंड मिळत होते. यजमानानं निदान सहा महिने घर द्यायचं होतं. समितीत जूनमध्येच प्रश्न आला, सप्टेंबरनंतर ही माणसं कुठे जाणार? भाड्यानं घर घ्यायचं तर अनामत आणि ब्रिटनमधला जामीनदार लागतो. युद्धातून आलेल्या बाईला जामीन कोण राहणार? त्या निधीतून अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं द्यायचं ठरलं. शेजारणीकडची ती आई आता आमच्याच गावात, रेल्वे फाटकाजवळ राहते.

आश्रय मागणाऱ्या इतरांचं गणित याहून निर्दय आहे. अर्ज मंजूर झाला, तुम्ही अधिकृत निर्वासित ठरलात, की सरकारी निवासातून निघण्यासाठी वर्षानुवर्षं २८ दिवसांची मुदत होती. डिसेंबर २०२४ मध्ये प्रयोग म्हणून ती ५६ दिवस केली, आणि वर्षभराच्या आत एकट्या माणसांसाठी पुन्हा २८ वर आणली. आता दुसरा आकडा घ्या. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा पहिला हप्ता हातात यायला साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. २८ व्या दिवशी घर गेलं, ३५ व्या दिवशी पैसे आले. मधला आठवडा कुठे काढायचा? आनंदाची बातमी मिळालेला माणूस त्या आठवड्यात बसथांब्यावर झोपतो. हा नियम गृह खात्याचा आहे. कौन्सिल तो बदलू शकत नाही, समिती तर नाहीच. पण एका तरुण नगरसेवकानं तिसरा कागद काढला. २०१७ च्या बेघरपणा कमी करण्याच्या कायद्यात, ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल तर कौन्सिलनं मदत सुरू करायची आहे. मग आपला गृहनिर्माण विभाग निघायची नोटीस हातात पडेपर्यंत अर्ज का घेत नाही? निर्णयाचं पत्र येईल त्याच दिवशी का नाही? अधिकाऱ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आजवर तशी पद्धत होती, एवढंच. अर्ज पहिल्या दिवशी घ्यायला सुरुवात झाली. त्यानं घरं वाढली नाहीत. मार्च २०२५ च्या अखेरीस इंग्लंडात १ लाख ३० हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती. पण निदान चार आठवडे वाया जायचे थांबले.

ही समिती दरवेळी अशी चालते, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी तिच्यात सत्ताधारी पक्षाचंच बहुमत असतं, अध्यक्षही त्यांचाच. आपल्याच नेत्याला अडचणीचा प्रश्न विचारला तर पुढच्या वेळी तिकीट जाईल ही भीती तिथेही आहे. काही बैठका अधिकाऱ्यांचं सादरीकरण ऐकण्यात संपतात. मी अशा बैठकांनाही बसले आहे, आणि घरी येताना रडू आलं आहे.

तरी कोल्हापुरात हे सांगावंसं वाटलं, कारण इथल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपली आणि पुढची निवडणूक पाच वर्षं झाली नाही. जुलै २०२१ चा पूर त्या काळात आला. प्रशासक कितीही कष्टाळू असो, त्याला समोर बसवून नाल्यातला गाळ किती वेळा काढला हे विचारायला निवडून आलेला एकही माणूस तेव्हा खुर्चीत नव्हता. प्रश्न विचारायचा अधिकार आपल्या कायद्यात नगरसेवकाला आहेच. सभेला जाताना तुमच्या गल्लीतल्या नाल्याचा फोटो त्याच्या हातात द्या, तारीख घालून.

माझी स्वतःची गोष्ट अजून संपलेली नाही. ओढ्याच्या कडेला पाणी मुरवायचा खड्डा करायची शिफारस समितीनं केली होती. शिफारशींच्या तक्त्यात तिच्यासमोर ‘काम चालू’ असं लिहिलेलं आहे, सलग चौथ्या बैठकीत. आमच्याकडे नागरिकाला बैठकीत तीन मिनिटं बोलता येतं. परत गेल्यावर दुसऱ्याच मंगळवारी बैठक आहे, मी नाव नोंदवून आले आहे.